हॉलंडच्या पोराची मूठ

नव्या पेठेत, दिवेलागणीला, एक गोल तबकडी चढाकडं लोळत गेली. उताराकडं न्हाय — चढाकडं. खोटं सांगत आसंन तर माझं उरलेलं तीन दात आत्ता पडू देत.

रिक्षाखालनं गेली. केळीच्या गाड्याला वळसा घातला. एका बाईच्या साडीचा काठ ओलांडताना जरा थांबली बी, मानसावानी… आन् खिळे घ्यायला हुभ्या आसलेल्या आमच्या सिद्दव्वाच्या चपलेपाशी येऊन पडली, जशी घरची मांजर.

सिद्दव्वा म्हंजे माझी नात. कागदावर सिद्धेश्वरी. आईबाप पुन्याला नोकरीला, ही माझ्यापाशी सोलापुरात. अक्कलकोट रोडला तिचं पत्र्याचं शेड हाय. घायपाताच्या पानांचा वाख काढायचा, विंचरायचा, दाबून दाबून त्याचं गोल बोर्ड करायचं. परदेशात लोक ते भिंतीला टांगत्यात आन् त्यावर बोटाएवढं तीर मारत्यात. डार्ट म्हनत्यात त्याला.

आन् ती तबकडी म्हंजे तसलाच बोर्ड व्हता.

तिनं वाकून उचलला तवर मागनं पळत एक गडी आला. गडी कसला, लाइटीचा खांब! भुरं केस, उनानं लाल झालेलं नाक, उजवा हात कोटाच्या खिशात. सोलापुरात कोट घालून हिंडनारा मानूस एक तर नवरदेव, न्हाय तर परदेशी.

"सॉरी… सॉरी. ते माझं हाय," त्यो धापा टाकत म्हनला.

इंग्रजीत म्हनला बरं. मला इंग्रजी येत न्हाय. सिद्दव्वानं मला जेवढं सांगितलं तेवढं मी तुमाला सांगती, आन् तिनं जेवढं लपवलं तेवढं माझ्या मनानं भरती.

तिनं बोर्ड उलटा केला. मागच्या बाजूला वाळलेल्या डिंकात एक अंगठा उमटला व्हता. तिनं त्यावर आपला अंगठा ठेवला. रेघ न् रेघ बसली.

"तुमचं?" ती म्हनली. "मग माझा अंगठा ह्याच्यावर कसा?"

त्यो बघतच राहिला. अंगठ्याकडं, मग तिच्याकडं, मग परत अंगठ्याकडं…

"सहा आठवडं मी हा अंगठा हुडकतोय. दुकानदारानं निस्तं 'सोलापूर' एवढंच सांगितलं. मला वाटलं, एखादा जाड मिशावाला म्हातारा आसंल."

"मग? निराशा झाली?"

"मिशा न्हाईत… तेवढीच."

ती हसली. त्यानं डावा हात पुढं केला.

"उजव्याला काय झालं?" तिनं इचारलं.

"त्यो…" त्यो खिशाकडं बघून हळूच म्हनला, "त्यो माझा न्हाय राहिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला स्वारी शेडमदी हजर. मी वाख विंचरत बसले व्हते. नाव इचारलं, तर म्हनला 'बास'. आमच्यात दर दुसऱ्या घरात एक बसप्पा, मला काय अवघड? समोर मी त्याला बसप्पाच म्हनायची.

सिद्दव्वानं चहा दिला. डाव्या हातानं घेतला. आन् बशीतला चहा फुंकत त्यानं आपली सगळी कथा सांगितली.

हॉलंडच्या वरच्या अंगाला, समुद्राकाठी त्याचं गाव. आत्याचं दारूचं दुकान, तितं बी भिंतीला असलाच बोर्ड. नऊ वर्साचा आसताना स्टुलावर हुभं राहून गिऱ्हाइकांना हरवायचा. मोठा झाल्यावर सकाळी पावाची गाडी चालवायचा, शनवार-रविवार गावोगाव खेळायचा. बाविसाव्या वर्सी मोठ्या खेळाचा परवाना मिळाला. त्या खेळात पाचशे एकापासनं उतरत उतरत शून्यावर यायचं, आन् शेवटचा तीर बोर्डाच्या कडंच्या बारक्या पट्टीतच बसाया पायजे. चार वर्सं पोरगं हरलंच जास्ती. पयल्या फेरीत जायचं, पयल्या फेरीत घरी. मग दोन वर्सांमागं त्यानं सरावाला हा बोर्ड घेतला, भिंतीला टांगला…

"आन् मग?" सिद्दव्वानं इचारलं.

"मग माझा हात माझ्यापेक्षा शाना झाला."

जिकडं बघायचा तिकडं तीर. न बघताबी तिकडंच. एकामागं एक मोठी नावं पाडली त्यानं. टीव्हीवर आला. शेवटच्या आठांत पोचला. दहा हजार मानसं, केशरी कपडे घालून, गात, वरडत…

"मला एक तीर पायजे व्हता," बास म्हनला. "एकच. पंच म्हनला, शांतता. आन् सगळी गप झाली… येवढी गप, की मला माझ्या मनगटाचं ठोकं ऐकू आलं. मी हात मागं नेला. पुढं आनला. बोटं सुटलीच न्हाईत."

"घाबरलात आसाल."

"मी न्हाय घाबरलो. माझ्या हाताच्या आत कुनीतरी… वाट बघत व्हतं."

शेडमदी उनाचं कवडसं पडलं व्हतं. त्या उनात बी माझ्या अंगावर काटा आला.

तवापासनं तसंच. उजव्या हातातली वस्तू खाली ठेवता येती, फेकता येत न्हाय. तीर न्हाय, चेंडू न्हाय, केळाची साल बी न्हाय. खेळनाऱ्यांना असला मनाचा आजार व्हतो म्हनं, डॉक्टरकडं नाव बी हाय त्याला. "पन मनाच्या आजारात," त्यानं पिशवीतनं पत्र्याचा डबा काढला, "सकाळी उठल्यावर मुठीत हे सापडतं व्हय?"

डब्यात ढेकळं व्हती. काळी, करकरीत. त्याच्या गावाला निस्ती वाळू. मी एक उचललं, बोटांनी चुरलं, नाकाला लावलं… आन् गपकन खाली ठेवलं. आपल्या रानातली माती मानूस वासानं वळखतो. ती आमची वळसंगची माती व्हती.

"बावीस दिवसांनी परवान्याचं सामने हाईत," त्यो म्हनला. "माझा परवाना गेला. ह्या वक्ताला न्हाय मिळाला तर दोन वर्सं दार बंद. म्हंजे परत पावाची गाडी… मला दुसरं काय येत न्हाय. नऊ वर्साचा आसल्यापासनं मला एवढंच येतं."

तेवढ्यात भिंतीला टेकवलेल्या बोर्डातनं आवाज आला.

भुंऽऽऽ… भुंऽऽऽ…

भुंग्यासारखा. पन भुंगा न्हाय. गोल गोल फिरनारं कायतरी.

"रोज ह्याच वेळंला," बास हळूच म्हनला. "आन् त्यो टांगल्यापासनं माझ्या छपरावर एक पाखरू बसलं न्हाय."

सिद्दव्वानं माझ्याकडं बघितलं. "अज्जी, तुझी फनी का थांबली?"

"डास चावला," मी म्हनली.

खोटं. मी त्यो आवाज चाळीस वर्सं ऐकला व्हता.

तवापासनं त्यो रोज येऊ लागला. स्टेशनापाशी लॉजवर राहायचा, सकाळी रिक्षानं शेडवर. सिद्दव्वा म्हनायची, बोर्ड उसवून बघू, आत काय सापडतंय का. रोज बोर्ड समोर घ्यायची आन् रोज दुसरंच काम निघायचं.

मी काय आंधळी हाय व्हय?

"तुमचा वाख सरळ न्हाय विंचरला जात," ती त्याला म्हनायची.

"एका हातानं विंचरतोय."

"मग दोन हातानं विंचरा."

"दुसरा हात तुमी धरा, मग जमंल…"

ही लाजून वाखाचा गुंता करायची, आन् त्यो गुंता सोडवायला दोघांची डोकी एका ठिकानी. दुपारी कडक भाकरी आन् शेंगाचटणी. पयल्या दिवशी भाकरी त्याला तुटंना. त्यानं ती टेबलाच्या कडंवर आपटली. टेबलाचा टवका उडाला.

"हे खायचं आसतंय का हिच्यावर तीर मारायचं?" त्यो म्हनला.

"दात नसतील तर अज्जीकडनं उसनं घ्या."

"अज्जीकडं तीनच हाईत."

"दोघांत मिळून पुरतील की!"

आसं चाललेलं. आन् सगळ्या हसन्याखिदळन्यात, रोज चार वाजता, भिंतीकडनं… भुंऽऽऽ. सिद्दव्वाचा वाख हातातच ऱ्हायचा. ती नकळत त्याच्याकडं सरकायची. त्यो आवाज थांबला तरी ती परत जागेवर जायची न्हाय.

आठव्या दिवशी ती म्हनली, "आना त्यो हात हिकडं. मी बोटं उघडून बघती."

त्यानं मुठीत एक तीर धरला. फेकायला हात उचलला. झालं, मूठ घट्ट! सिद्दव्वा त्याच्यापुढं स्टुलावर बसली. करंगळी उचलली. मग दुसरं बोट. लई हळू… जसा वाखाचा बारीक धागा सोडवत्यात तसं. त्यो तिच्या भुवयांकडं बघत व्हता. ती त्याच्याकडं बघायचं टाळत व्हती. बाहेर एक ट्रक गेला, पत्रं थरथरलं.

"तुमचा डावा हात गार आसतो," ती म्हनली. "हा का एवढा तापलाय?"

"तुमी धरलाय म्हनून."

"गप बसा… आन् हुरड्याचा वास का येतोय?"

तेवढ्यात त्या बोटांनी तिचा हात धरला. प्रेमानंच धरला. अंगठ्यानं तिच्या हाताच्या पाठीवर दाबलं. एक… दोन… तीन.

सिद्दव्वा किंचाळली आन् स्टुलासकट मागं पडली.

"मी काय न्हाय केलं!" बास पांढराफटक. "शपथ! मी न्हाय दाबलं!"

"ठावं हाय मला," ती हात चोळत म्हनली. "तुमी न्हाय दाबलं." मग माझ्याकडं वळली. डोळं भरलेलं. "अज्जी… गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत मी भ्यायले की अज्जा असाच हात दाबायचा. तीनदा. भिऊ नको म्हनून. अज्जी, हा आपल्या अज्जाचा हात हाय!"

आता लपवून काय उपेग?

आमचं धनी, गुरुबसप्पा. गोफनीचा असला नेमबाज अक्कलकोटापासनं विजापूरपातुर झाला न्हाय. उडत्या पोपटाच्या चोचीतलं कनीस पाडायचे, पोपटाला घरी गेल्यावर कळायचं. अकरा वर्सांमागं ज्वारी राखताना रानातल्या राखनीच्या माळ्यावरच गेले. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून पुरत्यात. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. उजव्या मुठीत गोफन व्हती. ती मूठ काय केल्या उघडंना. चार गडी लागले. शेवटी तशीच, गोफनीसकट, आमच्याच रानात बांधाजवळ समाधी दिली. त्या बांधावर मग घायपात उगवलं… पुरुषभर उंच. गावात कुनी त्याला कोयता लावत न्हाय. लावायचाच न्हाय, हे शेंबड्या पोराला बी ठावं.

"पन मी तर तितलंच घायपात कापलं," सिद्दव्वा म्हनली. शहरात वाढलेली, तिला काय म्हाईत? "दोन वर्सांमागं. तूच म्हनलीस, लांब वाख त्या बांधाचा!"

"मीच म्हनली."

"का?"

"तुझा अज्जा जन्मात सोलापूरच्या पुढं गेला न्हाय," मी म्हनली. "म्हटलं, आता तरी जाऊ दे की. जग बघू दे."

बासला हे समजावून सांगताना तिला लई वेळ लागला. त्यानं सगळं ऐकलं, आपल्या मुठीकडं बघितलं आन् म्हनला, "म्हंजे आठ दिवस मी ज्या पोरीवर… आन् तिचा आजोबा सगळा वेळ माझ्या हातात बसून बघतोय?"

"पोरीवर काय?" सिद्दव्वानं इचारलं.

"त्याच्यादेखत न्हाय सांगनार."

अशी पंचाईत झाली! नुसत्या हाताला हात लागला तरी मधी अज्जा.

ठरलं असं, की येळवशीला बोर्ड परत बांधावर न्यायचा, मातीत द्यायचा. येळवस म्हंजे आमच्याकडची वेळ अमावस्या. सगळं घर रानात. ज्वारीच्या ताटांची खोप करायची, शेंगा-पाल्याची भज्जी, ताकातली आंबील न्यायची, आन् जेवायच्या आधी पयला घास चारी दिशेनं पिकात भिरकावायचा. चरग म्हनतो आमी. रानात जे जे राहतं, दिसनारं, न दिसनारं, त्याचा त्यो घास.

आदल्या दिवशी भज्जीला चिंच भिजवताना सिद्दव्वा मला म्हनली, "अज्जी, न्हाय उघडली मूठ तर?"

"तर काय, पावाची गाडी."

"न्हाय…" चिंच पिळत पिळत ती म्हनली, "न्हाय उघडली तर त्यो हितंच राहील का गं?"

मी चिंचेचं पानी गाळत राहिले. माझ्या मनात बी तेच व्हतं, दुसऱ्या मानसाबद्दल.

येळवशीचा दिवस. डोक्यावर ऊन, पन गार वारं. ज्वारी छातीला लागती. आमचं रान करनारा निंगप्पा बैलगाडीपाशीच थांबला. "अव्वा, त्या पोराला बांधाकडं नका नेऊ," म्हनला. "सकाळधरनं रानात एक चिमनी न्हाय. आज तर शेजारच्या रानात बी न्हाय."

खरंच. चिडीचूप. निस्तं ताटांचं सळसळनं.

बासनं खड्डा खनला, एका हातानं. सिद्दव्वानं बोर्ड आत ठेवला, माती लोटली. आमी वाट बघितली. बासनं ढेकूळ उचललं, फेकायला हात वर केला…

मूठ घट्ट.

"न्हाय सुटत," त्यो म्हनला. आवाज बारीक झालेला. उड्डाण दुसऱ्या दिवशीचं व्हतं. "जाऊ दे. मी… मी खेळनं सोडतो. तेवढंच ना. हितं वाख विंचरायला मानूस लागतंय का?"

किती सोपं व्हतं! पोरगी 'व्हय' म्हनली आसती तर संपलं आसतं. मी तिच्या तोंडाकडं बघत व्हते. तिचं व्हट हलले… मग तिनं मान हलवली.

"न्हाय," ती म्हनली. "हरून राहनारा मानूस मला नको. माझ्याकडं रोज बोर्ड काढलेल्या रिकाम्या भिंतीसारखं बघत बसाल. अज्जी, कायतरी कर की! तुला ठावं हाय. मला कळतंय तुला ठावं हाय."

मी टोपलीकडं बोट दाखवलं. "आधी चरग तरी टाका," म्हनली. वेळ काढायला.

निंगप्पानं लांबनं टोपली सरकवली. सिद्दव्वानं घास भिरकावला. मी भिरकावला. बासच्या उजव्या हातावर तिनं भज्जी-भाकरीचा काला ठेवला. त्यानं हात वर केला…

आन् हात खाली आलाच न्हाय. डोक्यावर फिरू लागला. गोल. परत गोल. मुठीत काला, गोफन न्हाय, दोरी न्हाय, पन आवाज आला. भुंऽऽऽ… भुंऽऽऽ… बासचं डोळं भीतीनं मोठं झालेलं, सगळं अंग जागच्या जागी, निस्ता हात फिरतोय. त्याच्याभवती ज्वारीची ताटं वाकली. वारं न्हाय, तरी वाकली, गोल, पन्नास पावलांपातुर. बैलांनी दावी तानली. निंगप्पा गाडीखाली.

"अज्जी!" सिद्दव्वा बासच्या कमरेला मिठी मारून हुभी. सोडायला तयार न्हाय. "अज्जी, त्याचा हात तुटंल!"

तवा मला बोलावं लागलं.

आमची कामाची एक रीत व्हती. धनी माळ्यावर, मी खाली पिकात तन काढत. दगड माझ्या डोक्याला लागू नये म्हनून त्येंनी गोफन फिरवायची आन् थांबायचं. मी वाकून बाजूला झाले की हाक द्यायची, कानडीत, आमच्या घरच्या बोलीत: "एनरी, बिड्री!" म्हंजे अहो, सोडा. माझ्या हाकेबिगर त्येंनी जन्मात दगड सोडला न्हाय.

त्या दिवशी आमचं भांडन झालं व्हतं. मला विजापूरचा गोल घुमट बघायचा व्हता. लगीन झाल्यापासनं मागत व्हते. हे म्हनायचे, सुगी झाल्यावर. चाळीस सुग्या झाल्या. त्या दिवशी मी रागानं तोंड शिवून पिकात बसले. वर गोफन घुमली. हाकेची वाट बघत घुमत राहिली. मला ऐकू येत व्हतं की! मी मुद्दाम गप. म्हटलं, फिरवू दे, दुखू दे हात. घुमत राहिली… घुमत राहिली… मग थांबली.

मी कुनालाच सांगितलं न्हाय हे. पोराला न्हाय, सुनेला न्हाय. अकरा वर्सं दर सोमवारी बांधाला जाऊन बसायची, गावच्या भानगडी सांगायची, शिव्या बी द्यायची. त्यो ऐकायचा. मला कळायचं ऐकतोय ते. हाक दिली तर जाईल, हे बी कळायचं. म्हनून न्हाय दिली.

तितल्या त्या दहा हजार मानसांच्या गर्दीत वरडा चालला तवर हे खुशाल तीर सोडत व्हते. सगळी गप झाली, आन् ह्येंना त्यो दिवस आठवला. बाई रुसली. आता हाकेबिगर सोडायचं न्हाय.

मी पिकात शिरले. वाकलेल्या ताटांमधनं, अगदी त्या फिरत्या हाताखाली गेले. तोंड वर केलं.

"एनरी," मी म्हनली. परत म्हनली, "एनरी… माझा राग गेला. कवाच गेला व्हता. मला हाक द्यायला उशीर झाला."

हात फिरतोय.

"घुमट ऱ्हाऊ दे. तुमी हॉलंड बघून आला, मला तेवढं लई झालं." मग सगळा जीव गळ्यात आनून वरडले —

"बिड्री!"

मूठ उघडली.

काला सुटला. आमी सगळ्यांनी वर बघितलं. त्यो गेला… घारीच्या वर, उनाच्या पलीकडं, बारीक बारीक ठिपका होऊन दिसायचा बंद झाला. आमी कान देऊन हुभं राहिलो.

खाली पडल्याचा आवाज आजून आलेला न्हाय.

ताटं सरळ झाली. मग कुटनं तरी एक चिमनी आली. मग धा. मग आख्खा थवा आमच्या ज्वारीवर उतरला आन् खुशाल दानं टिपू लागला. निंगप्पा गाडीखालनं वरडला, "अव्वा, पीक चाललं!" मी म्हनली, "खाऊ दे."

बास आपल्या हाताकडं बघत बसला व्हता. मग त्यानं एक ढेकूळ उचललं आन् फेकलं. सुटलं! मग बोर फेकलं. मग निंगप्पाची टोपी. मग चप्पल. हसतोय आन् फेकतोय, हसतोय आन् रडतोय. सिद्दव्वा म्हनली, "आता भाकऱ्या तरी ठेवा!" तवा थांबला. आन् त्या उजव्या हातानं त्यानं तिचा हात धरला.

"दाबला का गं तीनदा?" मी लांबनं इचारलं.

"न्हाय अज्जी…" ती म्हनली. "निस्ता थरथरतोय."

"मग त्योच हाय."

मी तोंड फिरवलं. तेवढी अक्कल मला हाय. पन कान काय फिरवता येत न्हाईत.

"आता सांगा," तिचा आवाज. "पोरीवर काय?"

"तुला ठावं हाय."

"मला तोंडानं ऐकायचंय."

त्यानं सांगितलं. त्याच्या भाषेत सांगितलं, डचात. तिला कळलं न्हाय, मला कळलं न्हाय, चिमन्यांना बी कळलं नसंल. तरी पोरगी कानापातुर लाल झाली.

"आन् तू?" त्यानं इचारलं.

"तुमी जिंकल्यावर सांगंन," ती म्हनली. "जावा आता. विमान चुकंल."

तर दुसऱ्या दिवशी त्यो गेला. मला रोज चार वाजले की कान सुना लागायचा. सोमवारी बांधाला गेले, पन तितं निस्तं घायपात व्हतं. चार गोष्टी सांगितल्या, मग आपलं आपल्यालाच हसू आलं आन् उठून आले.

सामने चार दिवस चालले, रोज नवा डाव; एक दिवस जरी शेवटपातुर जिंकला तरी परवाना. शेडमदी आमी मोबाईलवर आकडं बघायचो. पयल्या दिवशी हरला. दुसऱ्या दिवशी बी. सिद्दव्वा वाख उलटा विंचरायची. तिसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यापातुर गेला. चौथ्या दिवशी शेवटच्या सामन्यात एक तीर उरला, तितलं सभागृह गप झालं, त्यानं हात मागं नेला… मी फोनकडं बघितलंच न्हाय. सिद्दव्वानं माझा दंड असा धरला की आजून निळा हाय.

बसला तीर. परवाना मिळाला.

आन् मग फोनच न्हाय!

एक दिवस गेला. दोन गेले. "गडबडीत आसंल," ती म्हनायची. तिसऱ्या दिवशी म्हनायची बंद झाली. विसरला आसंल, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं. पन बोलायची न्हाय. मी दोनदा म्हनली, तूच लाव की. "मी का लावू?" आमच्या घरान्यातलीच पोरगी.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. त्यो. चेहरा निस्ता वाळलेला. बोटाला पट्टी. काय काय सांगत व्हता, मधीच थांबायचा, केसातनं हात फिरवायचा, मग परत सांगायचा. शेवटी त्यानं एक लांबलचक प्रश्न इचारला आन् गप झाला.

हिकडं सिद्दव्वा… वाखाची एक बट बोटाला गुंडाळतीय, सोडतीय, परत गुंडाळतीय. डोळं खाली. तिकडं त्यो पोरगा श्वास धरून बसलेला.

मला इंग्रजीतला एकच शब्द पक्का येतो. मी तिच्या हातातनं फोन घेतला आन् जोरात म्हनली —

"यस!"

तिकडनं कायतरी मोठ्यानं पडल्याचा आवाज आला. खुर्ची आसंल.

"अज्जी!" सिद्दव्वानं फोन हिसकावला. "त्यानं काय इचारलं ते तरी कळलं का तुला?"

"ते न्हाय कळलं. तीन दिवस तू भाकऱ्या करपवत व्हतीस, तेवढं कळलं."

नंतर तिनंच मला सांगितलं त्यानं काय इचारलं ते. म्हनला व्हता, आता वर्सभर सामने, गावोगाव हिंडायचं. महिन्यातनं आठ दिवस घरी. तीन दिवस हिशोब लावत बसलो, फोन करायचं धाडस व्हईना. त्या आठ दिवसांचं घर सोलापुरात केलं तर चालंल का तुला?

पन त्या वक्ताला तिनं मला कायच सांगितलं न्हाय. फोन घेऊन ती शेडच्या दारात गेली, माझ्याकडं पाठ केली आन् एकदम हळू म्हनली,

"अज्जी म्हनली ना… तेच."